स्वतः घंटा बडवतो, मग आरतीत कान का झाकतो?

पत्राचा सारांश: दक्षिण कोकणातल्या एका गावातून पोस्टातून निवृत्त झालेल्या आजोबांनी लिहिलं आहे. मुलगा-सून पुण्यात राहतात. नातू सात वर्षांचा, चौथ्या वर्षी त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. तो मोजके शब्द बोलतो, बाकी चित्रांची कार्डं दाखवून सांगतो. गेल्या गणपतीत संध्याकाळच्या आरतीला झांजा सुरू होताच तो कान झाकून आतल्या खोलीत पळाला. ‘चार दिवसांत सवय होईल’ म्हणून आजोबांनी त्याला उचलून परत गणपतीसमोर आणलं. तो किंचाळला, स्वतःच्या हाताला चावला, शेवटी त्याला उलटी झाली. यंदा सूनबाईंनी ‘गणपतीला आम्ही येत नाही’ असं कळवलं आहे. आजोबा विचारतात: हाच मुलगा देवघरातली घंटा अर्धा-अर्धा तास बडवतो, तेव्हा कान दुखत नाहीत? पाच हाका मारल्या तर वळून बघत नाही, पण मागच्या दारी बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येतो. त्याला ऐकू जास्त येतं की कमी? आम्ही सगळे याच गोंगाटात वाढलो. सवय लावलीच नाही तर लागणार कशी? सून जपून जपून त्याला नाजूक करते आहे का? ओळखीच्या एकाने हेडफोनवर खास संगीत ऐकवण्याचा महागडा कोर्स सुचवला आहे. त्याचे पैसे भरायची आजोबांची तयारी आहे.

काका, नमस्कार.

तुम्ही तक्रार म्हणून जे लिहिलंत, तेच मला पत्रातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण वाटलं. घंटा चालते, झांज चालत नाही. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक लेख लिहिला. वैद्यकशास्त्राला ऑटिझमची ओळख झाली ती प्रामुख्याने त्या लेखातून. त्यात त्यांनी नोंदवलं आहे की लिफ्ट, व्हॅक्युम क्लीनर, अंडी फेटायचं यंत्र, वाहतं पाणी, कधी तर नुसता वारा, याने ही मुलं भेदरून जातात. आणि त्याच ओघात पुढे असंही, की ज्या आवाजाला मूल भितं तेवढाच मोठा आवाज ते स्वतः मजेत करतं. कॅनर यांना त्यात ढोंग दिसलं नाही. त्रास होतो तो आवाज बाहेरून, न विचारता अंगावर येण्याचा, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. पुढे कितीतरी वर्षं ही बाब दुय्यम मानली गेली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये निदानाचे निकष नव्याने लिहिले, तेव्हा कुठे संवेदनांना जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणं हे त्यात आलं.

हे असं का होतं, ते आता बऱ्यापैकी समजलं आहे. आपण घंटेचा लोलक हलवतो तेव्हा हाताला हुकूम देतानाच मेंदू ऐकण्याच्या भागाला आगाऊ वर्दी देतो, की आता ‘टण्’ होणार आहे. त्यामुळे प्रत्यक्ष आवाजाची धार मेंदूपुरती कमी होते. स्वतःच्या बोटांनी स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, त्यामागेही हेच आहे. घंटा वाजवताना तुमच्या नातवाला पुढचा ठोका कधी पडणार, किती जोरात पडणार आणि कधी थांबणार, हे तिन्ही ठाऊक असतं. आरतीत दहा-बारा जणांच्या हातातल्या झांजा कधी वाजायला लागतील, कधी लय वाढेल, कधी संपेल, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. लिझ पेलिकानो आणि डेव्हिड बर या संशोधकांनी २०१२ मध्ये एक विचार मांडला: समोरची संवेदना समजून घेताना ऑटिस्टिक मेंदू मागच्या अनुभवाचा आधार कमी घेतो, म्हणून रोजची गोष्टही बरीचशी नवीनच वाटत राहते. हा सिद्धांत आहे, त्यावर अजून वाद चालू आहेत. पण घंटा आणि झांज यांचं तुमचं कोडं त्यातून बरंच सुटतं.

आता सवयीबद्दल. तुमचं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

तुम्ही गोंगाटात वाढलात आणि काही बिघडलं नाही, हे खरंच आहे. ते काम तुमच्या मेंदूने तुम्हाला न सांगता केलं. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग असतो. वास वगळला तर डोळे, कान, त्वचा, जीभ यांच्याकडून येणारं जवळजवळ सगळं आधी तिथे येतं आणि मग पुढे जातं. तुम्ही पोस्टात होतात, म्हणून तुमच्या भाषेत सांगायचं तर हे सॉर्टिंग. पंख्याची घरघर, सदऱ्याचा अंगाला होणारा स्पर्श, घड्याळाची टिकटिक हे साधं टपाल मागे पडतं आणि तार तेवढी पुढे धावते. तुमच्या नातवाकडे पुष्कळसं साधं टपालही तारेचा शिक्का घेऊन पुढे जातं.

आणि ते शिक्के दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही पुसट होत नाहीत, हा त्यातला कळीचा भाग. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शुलामाइट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून रहदारीचा आवाज ऐकवला, हातावर खरखरीत लोकरीचं कापड फिरवलं. फार त्रासदायक असं काहीच नव्हतं. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या ऑटिस्टिक मुलांना रोजच्या जगण्यात आवाज-स्पर्श फार झोंबतात, त्यांच्या मेंदूतला अमिग्डला, म्हणजे धोक्याची चाहूल घेणारा भाग, तेच ते पुन्हा पुन्हा समोर येऊनही निवत नव्हता. ऑटिझम नसलेल्या मुलांमध्ये तो लवकर निवला. ऑटिझम असूनही ज्यांना असा त्रास नाही, अशा मुलांमध्ये मेंदू स्वतःच त्याला आवर घालताना दिसला. म्हणजे प्रत्येक ऑटिस्टिक मुलाचं हे असंच असतं असं नाही. पण ज्यांचं असतं, त्यांच्याबाबत ‘आवाजाजवळ जास्त वेळ उभं केलं की सवय होईल’ हा हिशेब जुळत नाही. ज्या यंत्रणेच्या भरवशावर तुम्ही त्याला परत आरतीत आणलंत, तीच त्याच्याकडे मंद चालते.

शिवाय अशा वेळी मेंदू शिकत असतोच. घाबरलेल्या मुलाची सुटकेची वाट बंद झाली की झांजेबरोबर ती खोली, तो कापराचा वास, धरून ठेवणारे हात, सगळ्याचीच भीती तो शिकतो. तुमच्या हातांत माया होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही, त्यावेळी त्याला मात्र ती कळू शकत नव्हती.

त्या संध्याकाळचा आणखी एक अंदाज मी बांधते, तुम्ही घरच्यांशी ताडून बघा. पुण्याहून दिवसभराचा प्रवास झाला असेल. अंगावर नवा, टोचणारा कुर्ता असेल. मखराला लुकलुकणारी माळ, धुपाचा धूर, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, वर्षातून एकदा भेटणारे आणि गाल ओढणारे नातेवाईक. हे सगळं साठत जातं आणि फुटतं ते शेवटच्या गोष्टीवर. आपल्याला शेवटची गोष्टच दिसते, म्हणून झांजेवर ठपका येतो. हट्ट करणारं मूल समोरच्याकडे बघत हट्ट करतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. स्वतःचा हात चावणारं, उलटी करणारं मूल त्या क्षणी कोणाला काही दाखवत नसतं, त्याच्या हातात तेव्हा काही उरलेलं नसतं. अशा वेळी समजावणं, रागावणं, आमिष दाखवणं यातलं काही पोचत नाही. दिवे आणि माणसं कमी करायची, बोलायचं नाही, तो स्वतःला इजा करणार नाही एवढं बघत जवळ बसायचं.

हाक आणि बिस्किटाच्या पुड्याचं म्हणाल, तर त्याला ऐकू जास्त येतं की कमी हा प्रश्न कानाचा नसावा. लंडनमधल्या अ‍ॅना रेमिंग्टन आणि जेक फेअरनी यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की ऑटिस्टिक प्रौढांना एका वेळी जास्त आवाज टिपता येतात. दुसऱ्याच संभाषणाकडे लक्ष द्यायला सांगितलेलं असतानाही मागून आलेला अनपेक्षित आवाज त्यांच्या अधिक ध्यानात आला. म्हणजे तुमची हाक त्याच्यापर्यंत येते, पण पन्हाळीचं पाणी, पंपाची घरघर, टीव्ही आणि कोंबड्या यांच्यासकट येते. शिवाय माणसाच्या बोलण्यात आवाज आणि ओठ एकत्र जुळवावे लागतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात ऑटिस्टिक मुलांना या दोन्हींच्या वेळेचा मेळ घालणं जड जाताना दिसलं. पुड्याचा चुरचुर आवाज मात्र एकच असतो आणि त्याच्यामागून दरवेळी बिस्कीटच येतं. हाकेमागून कधी ‘जेव’, कधी ‘कपडे बदल’, कधी ‘पाव्हण्यांना नमस्कार कर’ येतं. म्हणून लांबून पाच हाका मारण्यापेक्षा त्याच्यासमोर जाऊन बसा, टीव्ही बंद करा, एकच छोटं वाक्य बोला आणि मनात दहा मोजेपर्यंत गप्प राहा. त्याने डोळ्यांत बघावं असा आग्रह धरू नका. बघणं आणि ऐकणं एकदम करायला लावलं तर ऐकणं सुटतं, असं मोठे झालेले कित्येक ऑटिस्टिक लोक सांगतात.

मग सूनबाईंचं बरोबर का? यंदाचा त्यांचा निर्णय मला रास्त वाटतो. त्या मुलाला नाजूक करत नाहीत, त्याचा मेंदू कुठे थकतो ते त्यांनी रोज पाहिलं आहे. मात्र कायमचं दूर ठेवणं हाही इलाज नाही. ज्या आवाजातून मूल दरवेळी पळून सुटतं, त्याची धास्ती वाढत जाते आणि घराबाहेरचं जग आक्रसतं. हेडफोनचंही तसंच आहे. कानावर बसणारे जाड इअरमफ आरतीच्या पंधरा-वीस मिनिटांना, बसस्टँडवर, फटाक्यांत जरूर वापरावेत. पण दिवसभर कान झाकून ठेवले तर मेंदू आतला आवाज आणखी चढवतो. कान चांगले असलेल्या मोठ्या माणसांना दोन आठवडे कानात बोळे घालायला लावले, तेव्हा नंतर त्यांना साधे आवाजही मोठे वाटू लागले होते.

या दोहोंच्या मधली वाट आहे, आणि ती तुमच्या घंटेतूनच निघते: आवाजाची कळ मुलाच्या हातात द्यायची. घरोघरी मिक्सरपासून सुरुवात करता येते. लावण्याआधी ‘मिक्सर’ म्हणून सांगायचं किंवा कार्ड दाखवायचं, तीन बोटं मिटत मोजायचं, पाच सेकंद लावून बंद. काही दिवसांनी बटण त्यालाच दाबू द्यायचं. बंद करणंही त्याच्याकडे. त्याने ‘नको’चं कार्ड दाखवलं की यंत्र त्याच क्षणी थांबलं पाहिजे. थांबतं हे एकदा पटलं की मूल स्वतःहून आणखी थोडं सोसायला तयार होतं. आठवड्यांनी, महिन्यांनी फरक दिसतो, कधी खूप, कधी जेमतेम. ही सवयच आहे, फक्त वेग त्याचा.

आरतीला हेच लावता येईल. तुमच्या घरची आरती मोबाइलवर रेकॉर्ड करून पुण्याला पाठवा, आवाज कमी-जास्त करायचं बटण त्याच्या बोटाखाली राहू द्या. आरत्यांचा क्रम दरवर्षी तोच असतो, हा तर मोठाच फायदा आहे. प्रत्येक आरतीचं एक चित्र काढून क्रमाने लावा, संपेल ते चित्र उलटं करायचं, शेवटचं मंत्रपुष्पांजलीचं. किती उरलं ते दिसत असेल तर थांबून राहणं सोपं जातं. एक लहान झांज त्याच्यासाठी पाठवून द्या. घरात ती फक्त त्यानेच वाजवायची.

आणि येण्याचं म्हणाल, तर चतुर्थीच्या चार-पाच दिवस आधीचा काळ मला सगळ्यात सोन्यासारखा वाटतो. घरात गर्दी नसते. गणपतीच्या शाळेत मूर्तीला रंग चढत असतो, रानातून कवंडळं, हरणं अशी रानफळं-फुलं यायची असतात, माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची चौकट बांधायची असते. फळं एकेक करून बांधणं, ओळीत लावणं, मातीचा गोळा दाबणं, ही अशा मुलाच्या हाताला रुचणारी, शांत कामं आहेत. प्राणप्रतिष्ठेच्या आधी त्याने पुण्याला परतायचं की आरतीच्या वेळा टाळून शेजारच्या एखाद्या घरी थांबायचं, हे सूनबाईंवर सोडा. थांबणारच असतील तर एक खोली पूर्णपणे त्याची ठेवा, दाराला पडदा, पिवळा मंद दिवा, एक जाड गोधडी, आणि तिथे कोणीही ‘बघू काय करतोय’ म्हणून डोकवायचं नाही. आरतीला तो खळ्यात, लांब, बाहेर पडायचा रस्ता मोकळा असलेल्या जागी उभा राहील. भजनीबुवांना आधी सांगून ठेवा, त्या एका दिवशी झांज नाही, नुसती पेटी आणि मृदंग. देवाला ते चालेल, असं मला मनापासून वाटतं. फटाक्यांबाबत मात्र तडजोड नको, तो असेपर्यंत वाजवू नका.

दुसरा पर्याय, तुम्हीच पुण्याला जायचं. खरं तर मी आधी हेच सुचवेन, कारण आवाजाच्या आधी तुमचं आणि त्याचं नातं सांधायला हवं. त्याच्याशी खेळायला जाऊ नका, त्याच्याजवळ बसून तो जे करतोय ते करा. तो झाकणं ओळीने मांडत असेल तर तुम्हीही तुमची चार झाकणं मांडा. उचलण्याआधी, हात लावण्याआधी त्याला दिसेल असा हात पुढे करा आणि वाट बघा. गालावरून हलके हात फिरवण्यापेक्षा खांद्यावर भक्कम, स्थिर दाब अनेक मुलांना बरा वाटतो. टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक अमेरिकन प्राध्यापिकेने तरुणपणी मावशीच्या गुरांच्या कुरणावर गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा सांगाडा पाहिला, त्यात गुरं शांत होतात हे हेरलं आणि तसंच यंत्र स्वतःसाठी बनवलं. त्यातही दाब कमी-जास्त करायची कळ तिच्याच हातात होती.

हेडफोनच्या कोर्सला पैसे देऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. गाळून घेतलेलं संगीत ऐकवून श्रवण सुधारण्याच्या या पद्धतींवरचे प्रयोग कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २०११ मध्ये एकत्र तपासले आणि त्या उपयोगी असल्याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. ‘सेन्सरी’ नावाखाली विकलं जाणारं सगळंच तपासून घ्यावं. वजनदार पांघरुणावर इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये चाचणी झाली. झोप वाढली नाही, मुलांना ते पांघरूण आवडलं मात्र. सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी, म्हणजे झोके, चेंडू, स्पर्श यांच्या खेळांतून संवेदनांची सांगड घालायला शिकवणं, आपल्याकडे शहरोशहरी चालते. अमेरिकेतल्या बत्तीस मुलांच्या एका चाचणीत तिचा फायदा दिसला होता, पण ब्रिटनमध्ये १३८ मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा ती सरस ठरली नाही. म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाऊच नये असा अर्थ मी काढत नाही. चांगला थेरपिस्ट घर बघतो, शाळा बघतो, ‘दात घासताना रडू नये’ असं एकच ठोस उद्दिष्ट ठरवतो, तीन महिन्यांनी फरक मोजतो आणि पालकांना शिकवतो. फरक नसेल तर तेही सांगतो. नुसते झोके आणि चेंडू दाखवून वर्षाचं पॅकेज आधी मागणाऱ्याकडून उठून यावं.

पैसे खर्चायचेच असतील तर आधी कानाची नीट तपासणी झाली आहे का ते विचारा. न बोलणाऱ्या मुलाची बेरा चाचणी, म्हणजे आवाज कानाकडून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, झोपेत करता येते. चावणं किंवा डोकं आपटणं अचानक वाढलं तर कान, दात आणि बद्धकोष्ठता यांची शंका आधी घ्यायची. दुखतंय हे ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं बऱ्याचदा वागण्यातूनच दिसतं.

लहान गावांतल्या इतर वाचकांसाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याअंतर्गत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडी आणि सरकारी शाळांमध्ये विनामूल्य होते, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. तिथे ‘डीईआयसी’ म्हणून विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं आणि शाळेकडे सवलती हक्काने मागता येतात. वर्गात मागच्या बाकाऐवजी दाराजवळची जागा, घंटेच्या आधी इशारा, डबा खायला शांत कोपरा, अशी मागणी लेखी द्यावी. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असतं आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. प्रमाणपत्र नसेल तर ते काम आधी हातात घ्या, बाकीचं त्याच्यावर अडतं.